आशाताईच्या फॉर्मात आईसाठी तीन प्रश्न वाढवा

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

सन्माननीय साहेब, मॅडम,

स.न.वि.वि.

मी जळगाव जिल्ह्यात तेहेतीस वर्षं नोकरी केली. आधी उपकेंद्रावर आरोग्यसेविका, नंतर आरोग्य सहायिका. आता निवृत्त आहे. पत्र तुम्हाला लिहितेय, पण खुलं ठेवलंय ते अशासाठी, की आशाताईंनी, सिस्टरांनी आणि घरच्या बायकांनीही ते वाचावं. जमलं तर घरातल्या पुरुषांनीही.

पारोळा तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. लसीकरणाचा दिवस होता. दुपारचे दोन वाजले होते, बाया पोरं घेऊन निघून गेल्या होत्या, मी व्हॅक्सिन कॅरिअर बंद करत होते. एक बाई दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली. तिचं मूल काही लसीचं नव्हतं. मी दोनदा विचारलं, तेव्हा आत आली आणि दार लोटून घेतलं.

"सिस्टर, एक सांगू का? मन्हं आंग खाले येस."

कधीपासून, म्हटलं. "धाकला आंडोर व्हयना तवयपाइन." धाकटा तेव्हा सातवीत होता, म्हणजे बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं ही बाई सकाळी उठून बाहेर आलेला भाग हाताने आत सारायची, जुन्या धोतराच्या फडक्याचा घट्ट लंगोट बांधायची आणि कापूस वेचायला जायची. दुपारपर्यंत फडकं ओलं व्हायचं, संध्याकाळी अंग पुन्हा बाहेर. मी तपासलं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण बाहेर होतं आणि कापडाला घासून घासून त्यावर रुपयाएवढी जखम झाली होती. वय छत्तीस.

मी म्हटलं, अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "कोनले सांगू माय? तुम्ही तरी कधी इचारं?"

साहेब, तिची चारही बाळंतपणं माझ्याच रजिस्टरात होती. चारही बाळांची वजनं, टोचलेल्या सुया, तिच्या लोहाच्या गोळ्या, शेवटी नसबंदीची तारीख, सगळं माझ्या अक्षरात. तिच्या अंगाबद्दल एक शब्द नाही, कारण त्याला रकानाच नव्हता. जे रजिस्टरात नाही ते वरच्या अहवालात नाही, आणि जे अहवालात नाही त्याला औषध नाही, प्रशिक्षण नाही, निधी नाही. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते. बोंडं आत पडत जातात, ओटी भरते, खाली लोंबते. गाठी पक्क्या असल्या तर ओझं झेलते, कापड विरलं किंवा एक गाठ सैल झाली की त्या बाजूने कापूस खाली येतो. बाईच्या ओटीपोटाच्या तळाला अशीच एक स्नायूंची ओटी असते. पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे माकडहाड, दोन्हींच्या मध्ये ती ताणून बसवलेली. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात, आणि लघवीची, बाळाची, शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातूनच जातात. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात.

बाळंतपणात ही ओटी खूप ताणली जाते. बहुतेकींची पुढच्या काही महिन्यांत सावरते, काहींची सावरत नाही. मग खोकला, शिंक, हसू, हंडा उचलणं, कशानेही लघवीचे थेंब सुटतात. काहींना लागली की धरवतच नाही, मोरीपर्यंत पोचेतो साडी भिजते. हे दोन वेगळे प्रकार आहेत, उपायही थोडे वेगळे. काहींचं अंग खाली येतं, म्हणजे गर्भाशय किंवा आजूबाजूचा भाग योनीतून खाली उतरतो. आणि ज्यांना प्रसूतीत मागपर्यंत फाटलेलं असतं, त्यांना वारा आणि शौचही अडवता येत नाही. या शेवटच्या बायका तर बोलतच नाहीत. लग्नकार्यात दिसत नाहीत, एस.टी.त बसत नाहीत, लोक म्हणतात बाई माणूसघाणी झाली.

आपल्या खानदेशात या ओटीवर ओझं किती पडतं बघा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, आणि ती एका वेळी एकच उचलत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडायला बसलेल्या बाया दिवसभर ठसकतात, आणि प्रत्येक ठसक्याला पोटातला दाब खाली येतो. चुलीच्या धुराचा जुना खोकला घरोघर आहेच. साक्री, नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडून कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बाया बाळंतपणानंतर किती दिवसांनी मोळी डोक्यावर घेतात, हे त्यांच्याच तोंडून ऐका. सव्वा महिना म्हणतो आपण. तो सव्वा महिना फक्त घरात दाणे असलेल्या बाईला मिळतो. त्यात लवकरचं लग्न, लागोपाठची बाळंतपणं, कुंथून कुंथून शौचाला बसणं. पुढे पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्या भागातलं कातडं, पेशी आणखी पातळ होतात. मग पन्नाशीची बाई म्हणते, आता एकदम कसं काय झालं? एकदम नाही होत ते. वीस वर्षं साठत आलेलं असतं.

आणखी एक, जे मला लिहायला जड जातं. प्रसूतीच्या टेबलावर कळा मंदावल्या की पोटावर जोराने दाबायची आमच्याकडे पद्धत होती. मला तसंच शिकवलं होतं, मी तसंच केलं, पुढच्या मुलींनाही तेच शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात असा दाब देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि प्रत्येकीला सरसकट काप देऊन टाके घालायचीही गरज नाही असंही. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. किती बायकांच्या पोटावर हे हात ठेवले असतील. ज्या प्रसूतिगृहात आजही कोणी पोटावर दाबत असेल, तिथे तुमचा शब्द चालतो. माझा चालत नाही.

माझं स्वतःचंही सांगते, मग लाज कुणाची राखायची हा प्रश्नच उरणार नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकताना लघवी सुटायची. सतरा वर्षं. नर्स असून मी कुणाला सांगितलं नाही. पर्समध्ये जादा परकर असायचा. क्षेत्रभेटीला निघायच्या आधी पाणी प्यायचे नाही, मे महिन्यातल्या आपल्या पंचेचाळीस अंशांतही नाही. त्याने झालं काय, तर लघवी घट्ट आणि जळजळीत होऊन मूत्राशय आणखी चिडचिडं झालं आणि दोनदा जंतुसंसर्ग झाला. कमी पाणी पिणं हा या दुखण्याचा उपाय नाहीच, पण जवळजवळ प्रत्येक बाई आधी तोच करते.

आखाजीला माहेरी गेले की बहिणी फुगडीला ओढायच्या. मी कुणाचं तरी मूल कडेवर घ्यायचे आणि पाय दुखतो म्हणायचे. आई एकदा नुसती बघत राहिली. नंतर वाटलं, तिलाही तेच असणार. ती गेली, विचारायचं राहून गेलं.

मला बाहेर काढलं ते एका शिबिरात आलेल्या फिजिओथेरपी शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरीने. तिने मला व्यायाम शिकवला. तो कागदावर सोपा आहे, पण चुकीचा करणाऱ्या खूप, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आडवं व्हायचं, गुडघे वाकवायचे. चार माणसांत वारा सुटू नये म्हणून आपण जसं आवळतो, तसं मागून आवळायला सुरुवात करायची आणि तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायचं. आत वर उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. पोट, मांड्या, ढुंगण सैल. श्वास चालू. श्वास रोखून खाली जोर दिला तर उलटाच परिणाम होतो, आणि नेमकं तेच बहुतेक जणी करतात. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचं, पुढे वाढवत दहापर्यंत, आणि जितका वेळ धरलं तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. अशी आठ-दहा, दिवसातून तीनदा. शेवटी काही झटपट, आवळ आणि सोड. लघवी करता करता मध्येच धार थांबवून रोज सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. जमायला लागलं की उठता-बसता, भाकरी थापता थापता होतं, कुणाला कळतही नाही. आणि हंडा उचलायच्या आधी, शिंक यायच्या आधी एकदा आवळायचं. ही एक सवय पुष्कळ वाचवते.

अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला केगेलचे व्यायाम म्हणतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनात ताण पडल्यावर लघवी सुटणाऱ्या बाईला पहिला उपाय हाच सांगितलाय, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली किमान तीन महिने. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा तक्रारीच्या व्यायाम करणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण ५६ जणींनी तक्रार गेल्याचं सांगितलं. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण शंभरात ६. अंग थोडंसं खाली आलेल्या बायकांनाही याने आराम पडतो. धरवतच नाही अशा प्रकारात याच्या जोडीने दोन वेळच्या लघवीमधला वेळ हळूहळू लांबवायची सवय लावतात, आधी पाऊण तास, मग एक, मग दीड, आणि चहा कमी करायला सांगतात. मात्र ज्यांना तिथे सतत दुखतं, आखडल्यासारखं वाटतं, त्यांनी आवळायचे व्यायाम आपल्या मनाने करू नयेत. त्यांचे स्नायू आधीच सैल सोडता येत नसतात, त्यांना सैल करायला शिकवावं लागतं.

व्यायामाचा फरक मला चौथ्या महिन्यात कळला. वरणाला लसूण-मिरचीची फोडणी देत होते, ठसका लागला, सलग तीन-चार शिंका आल्या. कपडा कोरडा. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. सुनेला वाटलं चक्कर आली.

आता 'पिशवी'बद्दल. आपल्या गावांतून बाई अंग खाली येतं म्हणाली, पांढरं जातं म्हणाली, कंबर दुखते म्हणाली, की उत्तर एकच मिळतं, पिशवी काढून टाका. माझ्या ओळखीतली एक बाई. थोडंसं अंग खाली आलं होतं. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं, पिशवी सडलीय, कॅन्सर होईल. दोन शेळ्या आणि कानातलं विकून ऑपरेशन झालं. अडीच वर्षांनी पुन्हा तेच, आता योनीचा वरचा भागच खाली उतरलेला. आधाराची ओटी सैल होती, ती कुणी दुरुस्तच केली नव्हती, नुसती पिशवी काढली होती. तिला वाटलं आपल्याच नशिबाने असं झालं. व्यायामाचं किंवा अंगाला आतून टेकू देणाऱ्या रिंगचं नाव तिच्यासमोर कुणीही घेतलं नव्हतं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण उघड झालं तेव्हा सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. बीडची चर्चा खूप झाली. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पस्तिशीच्या आत किती पिशव्या काढल्या गेल्या आणि कोणत्या कारणाने, हे तुम्ही मोजून जाहीर करावं, अशी माझी विनंती आहे.

पिशवी काढूच नये असं मी म्हणत नाही. वर सांगितलेल्या पारोळ्याच्या बाईला शस्त्रक्रियाच लागली. तीही वेचणी संपल्यावर चार महिन्यांनी गेली, त्याआधी जायला तयार नव्हती. पण शस्त्रक्रियेच्या आधी दोन पायऱ्या आहेत. एक व्यायाम. दुसरी रिंग, जिला पेसरी म्हणतात. सिलिकॉनची मऊ कडी, बाईच्या मापाची बघून आत बसवायची, ती अंगाला आतून टेकू देते. बऱ्याच जणींना ती स्वतः काढून धुऊन पुन्हा घालता येते. ज्यांना येत नाही त्यांनी ठरलेल्या तारखेला तपासून घ्यायची, कारण विसरून तशीच राहिली तर आत जखम होते. अजून मूल हवं असलेल्या बाईला, हृदयाच्या आजाराने भूल न चालणाऱ्या म्हातारीला, हंगाम संपेपर्यंत थांबावं लागणाऱ्या मजूर बाईला ही केवढी सोय आहे! माझ्या पूर्ण नोकरीत माझ्या केंद्रावर एकही रिंग आली नाही.

आणि शस्त्रक्रिया लागलीच तरी ती पिशवी काढण्याचीच असते असं नाही. तरुण बायकांचं अंग खाली आलं तर पिशवी राखून तिला वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवल्या, आणि जगभरच्या पुस्तकांत त्या त्यांच्या नावाने शिकवल्या जातात. ही विद्या आपल्याच राज्यात जन्मली. ती धडगावच्या बाईपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लावायची?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आमच्या साहेबांनी बैठकीत ते वाचून दाखवलं होतं, सगळ्या सिस्टर खाली माना घालून बसल्या होत्या. पुढे आमच्याकडे फारसं काही बदललं नाही.

म्हणून आता माझं मागणं, आणि ते मोठं नाही. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते. आईला जेवलीस का विचारते, रक्तासाठी पॅड किती बदलले विचारते. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी असतात. म्हणजे अकरा वेळा ती त्या घराचा उंबरा ओलांडते. बेचाळिसाव्या दिवशी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तिने आईला तीन गोष्टी विचाराव्यात. खोकताना, शिंकताना किंवा जाता जाता लघवी सुटते का? खाली जड वाटतं का, काही बाहेर आल्यासारखं वाटतं का? वारा किंवा शी अडवता येत नाही असं होतं का? उत्तर हो आलं तर फॉर्मात खूण, आणि ती खूण सिस्टरपर्यंत, तिथून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत.

हे प्रश्न सासूसमोर विचारले तर उत्तर नाहीच येणार. आशाताईला सांगा, बाळाला न्हाऊ घालताना विचार, किंवा बाईला मोरीकडे घेऊन जाऊन विचार. आणि बाईच्या बोलीत विचार. पारोळा, अमळनेर, साक्रीत अहिराणीत, यावल-रावेरला लेवा बोलीत, सातपुड्यात पावरी आणि भिलीत. 'मूत्रविसर्जनावर नियंत्रण' असा छापील शब्द वापरला तर ती पदर तोंडाला लावून हसेल आणि नाही म्हणेल.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असतेच. त्या दिवशी बाया तासन् तास बाकावर बसलेल्या असतात. तेवढ्यात दहा मिनिटं हा व्यायाम शिकवता येतो, गरोदरपणात शिकलेला बाळंतपणानंतर उपयोगी पडतो. तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून आठवड्यात एक दिवस फिजिओथेरपिस्ट उपजिल्हा रुग्णालयात बसवा, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या औषधांच्या मागणीत वेगवेगळ्या मापांच्या रिंग लिहा. आमच्या सिस्टरांना त्या बसवायला शिकवा, शिकतील. तांबी बसवायला शिकल्याच ना.

आशाताईंनो, एवढं लक्षात असू द्या. बाळंतपणानंतर लघवी रात्रंदिवस अखंड गळत असेल तर तिला व्यायाम सांगत बसू नका, ते मूत्राशय आणि योनीच्या मध्ये भोक पडल्याचं लक्षण असू शकतं, लगेच पाठवा. लघवी तुंबली, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, रक्त येतंय किंवा पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं, तरीही लगेच.

साहेब, ह्यात नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. फॉर्म पुढच्या खेपेला छापायला जाईल तेव्हा तीन ओळी वाढवाव्या लागतील. छपाईला वेळ असेल तर तोवर वहीत हाताने रेघ मारून चालेल, आम्ही कितीतरी वर्षं तसंच केलं आहे.

आशाताईंची महिन्याची बैठक कोणत्याही केंद्रात लावा. मी एस.टी.ने येईन. व्यायाम शिकवीन, रिंग कशी दिसते ते हातात देऊन दाखवीन. मानधन नको. फक्त त्या दिवशी पुरुष कर्मचाऱ्यांना तासभर बाहेर बसवा आणि खोलीचं दार आतून लावता येईल एवढं बघा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जिल्हा जळगाव